अमर कहाणीच्या पलीकडचे डॉ. कोटणीस

मराठी माणसाला डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस ठाऊक असतात ते बहुधा चित्रपटामुळे. व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' १९४६ साली पडद्यावर आला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी डॉक्टरांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांत लिहिलेल्या पुस्तकावर तो बेतलेला होता. त्यात शांतारामबापू स्वतः कोटणीस झाले, जयश्रीबाई त्यांची चिनी पत्नी झाल्या, संगीत वसंत देसाईंचे होते. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या मनात कोटणीसांचा चेहरा म्हणून शांतारामबापूंचाच चेहरा राहिला. ज्यांनी पाहिला नाही, त्यांनाही एवढे माहीत असते की सोलापूरचा एक डॉक्टर चीनमध्ये गेला, तिथल्या जखमींची सेवा करताना प्लेगने मरण पावला आणि अमर झाला.

यातला प्लेग खरा नाही. चित्रपटात डॉक्टर प्लेगवर उपाय शोधताना स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करतात आणि त्याच रोगाला बळी पडतात. प्रत्यक्षात ९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटे, हपेई प्रांतातल्या एका डोंगराळ खेड्यात, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचा अंत झाला. तेव्हा त्यांचे वय ३२ होते. घरी साडेतीन महिन्यांचा मुलगा होता आणि हाती घेतलेले एक पाठ्यपुस्तक अर्धवट होते.

कथापटाने मृत्यूचे कारण बदलले म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. कथापट तसे करतच असतात. पण हा बदल का करावासा वाटला असेल, याचा विचार मी बरीच वर्षे करत आलो आहे. प्लेगशी झुंजताना आलेला मृत्यू वीराला शोभतो. अपस्माराचा झटका शोभत नाही, अशी काहीतरी आपली समजूत असते. त्या समजुतीपायी आपण हुतात्मा कोटणीस ठेवले आणि रोज सकाळी उठून हात धुऊन कामाला लागणारे, दुपारी वर्ग घेणारे, रात्री दिव्याखाली लिहिणारे, बायको-मुलात रमणारे कोटणीस गमावले. या लेखात मला त्या दुसऱ्या कोटणीसांकडे पाहायचे आहे.

सोलापूर आणि मुंबई

'कोटणीस' हे आडनाव फडणीस, चिटणीस, पोतनीस यांच्या कुळातले. कोटाचा, म्हणजे किल्ल्याचा, हिशेब आणि दफ्तर सांभाळणारा तो कोटणीस. द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वडील शांताराम गिरणीत नोकरीला होते. घरात दोन भाऊ, पाच बहिणी. गिरणगावातल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला शोभेल असेच ते वातावरण होते : शिक्षणावर भर, खर्चावर नजर, आणि सार्वजनिक कामाची आवड.

त्या वेळचे सोलापूर साधे शहर नव्हते. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले, काही दिवस इंग्रजी अंमल नावापुरताच उरला आणि मग सरकारने लष्करी कायदा पुकारला. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिले गेले. द्वारकानाथ त्या वर्षी विशीत होते. त्यांच्या मनावर याचा नेमका काय परिणाम झाला हे सांगण्याचा आव मी आणणार नाही. पण ज्या गावाने हे पाहिले त्या गावातला मुलगा पुढे दुसऱ्या देशाच्या लढाईला आपली मानतो, यात मला आश्चर्य वाटत नाही.

वैद्यकीचे शिक्षण त्यांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात घेतले. परळचे हे महाविद्यालय आणि त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. देणगीदारांची अट अशी होती की तिथले अध्यापक भारतीयच असावेत. इंग्रजांच्या वैद्यकीय सेवेतल्या अधिकाऱ्यांकडेच वरच्या जागा राखून ठेवण्याचा तो काळ. त्या काळात, भारतीय माणूस शस्त्रक्रिया उत्तम करू शकतो आणि उत्तम शिकवूही शकतो, हे रोज सिद्ध करणारी ही संस्था होती. कोटणीस तिथे घडले. पदवीनंतर शल्यशास्त्राच्या पुढच्या शिक्षणाची तयारी चालू असतानाच त्यांच्या आयुष्याने वळण घेतले.

पाच डॉक्टर

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केले. आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केले, निधी जमला (२२,००० रुपये, असा आकडा सांगितला जातो), रुग्णवाहिका मिळाली आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल हे प्रमुख. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी काम केले होते. नागपूरचे डॉ. चोळकर हे उपप्रमुख आणि वयाने सर्वांत वडील. कलकत्त्याचे डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. बिजॉयकुमार बसू. आणि सोलापूरचे कोटणीस, वय २७.

एक गोष्ट इथे विसरता कामा नये. हा देश तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता. परराष्ट्रखाते नाही, वकिलात नाही, सैन्यावर अधिकार नाही. अशा देशाच्या एका राजकीय पक्षाने लोकांकडून पैसे गोळा करून दुसऱ्या देशात डॉक्टर पाठवणे म्हणजे आपले परराष्ट्रधोरण आपण ठरवणार, असे इंग्रजांना सांगणे होते. पाच डॉक्टरांचे पथक लहान होते. पण त्यामागचा विचार लहान नव्हता.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून 'राजपुताना' बोटीने निघाले आणि महिन्याच्या मध्याला कँटनला पोहोचले. सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग त्यांच्या स्वागताला होत्या. तिथून चांगशा, मग हँकाव. ऑक्टोबरअखेर हँकाव जपान्यांच्या हाती पडले. त्याआधीच पथकाला यांगत्सेच्या वरच्या अंगाला सरकावे लागले आणि ते शेवटी चुंगकिंगला आले. याच काळात पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'हुआ' हे अक्षर होते. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दिहुआ'.

चुंगकिंगचे पत्र

येनानकडे निघण्याच्या सुमारास कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. सहकाऱ्यांनी त्यांना परत जायला सुचवले. ते गेले नाहीत.

कोटणीसांवर लिहिणारे बहुतेक जण हा प्रसंग त्यागाचा नमुना म्हणून एका ओळीत उरकतात. मला तो तितका सोपा वाटत नाही. आठ भावंडांच्या घरात कर्ता पुरुष गेला होता. डॉक्टर झालेला मुलगा हा अशा घराचा सर्वांत मोठा आधार असतो; त्याच्या शिक्षणात घराने पै-पै घातलेली असते. तो परत आला असता तर कोणी त्याला नावे ठेवली नसती. तो आला नाही, आणि त्याच्या वाटणीचा भार सोलापूरच्या आणि मुंबईच्या माणसांनी उचलला. थोरले बंधू मंगेश यांनी पुढे १९८२ साली द्वारकानाथांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. ज्याच्या अनुपस्थितीचा भार आपण वाहिला, त्याचे चरित्र म्हातारपणी आपणच लिहायचे, याला काय म्हणावे? कोटणीसांचा मोठेपणा सांगताना त्या घराचा वाटा सांगितला नाही तर हिशेब अपुरा राहतो. कोटणीस आडनावाला तर तो मुळीच शोभणार नाही.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. माओ आणि त्यांचे सहकारी तिथल्या पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये राहत होते. रुग्णालयही गुहांमध्येच होते. कोटणीस तिथे शस्त्रक्रिया करू लागले. दरम्यान पथक विरळ होत गेले. मुखर्जी आणि चोळकर १९३९ मध्येच परतले, प्रकृतीच्या कारणाने अटलही पुढे परतले. उरले बसू आणि कोटणीस. दोघे आघाडीकडे गेले आणि १९४० च्या उन्हाळ्यात शान्शी, छाहार आणि हपेई या तीन प्रांतांच्या सीमाभागात, जपानी फळीच्या मागे असलेल्या मुलखात शिरले. बसूंना पुढे येनानला परत बोलावले गेले. कोटणीस तिथेच राहिले.

बेथून यांची जागा

या सीमाप्रदेशात त्यांच्या आधी एक परदेशी शल्यविशारद काम करून गेले होते. कॅनडाचे नॉर्मन बेथून. स्पेनमध्ये त्यांनी फिरती रक्तपेढी चालवली होती. इथे त्यांनी खेचरांच्या पाठीवर लादता येईल असा शस्त्रक्रियेचा संच तयार केला. ऑक्टोबर १९३९ च्या अखेरीस हातमोज्यांशिवाय शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला कापले, जंतुसंसर्ग झाला आणि १२ नोव्हेंबर रोजी त्यांचा मृत्यू झाला. तिथल्या आरोग्यविद्यालयाला मग त्यांचेच नाव दिले गेले.

थांग जिल्ह्यातल्या गेगोंग गावात हे विद्यालय आणि त्याला जोडलेले रुग्णालय होते. रुग्णालय म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येते तशी इमारत नव्हे. शेतकऱ्यांची मातीची घरे, अंगणे, गावाची देवळे यांत जखमी ठेवलेले असत. जपानी फौज जवळ आली की सगळे उचलून डोंगरात जायचे आणि फौज गेली की पुन्हा मांडायचे. जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांना बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे पहिले संचालक नेमले गेले.

त्याआधी त्यांची कसोटी लागली होती. २० ऑगस्ट १९४० पासून आठव्या मार्गसेनेने रेल्वेमार्ग आणि ठाण्यांवर एकाच वेळी मोठे हल्ले सुरू केले. इतिहासात ही 'शंभर पलटणींची मोहीम' म्हणून ओळखली जाते. या मोहिमेत तेरा दिवसांत कोटणीसांच्या तुकडीकडे ८०० वर जखमी आले आणि त्यांतल्या ५५८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या, असे चिनी वृत्तांत सांगतात. आकड्यात थोडे कमीजास्त धरले, तरी त्या तेरा दिवसांत या माणसाला झोप किती मिळाली असेल, याचा अंदाज ज्याने रात्रपाळीची शस्त्रक्रिया केली आहे त्याला करता येईल.

मी आयुष्यभर शल्यशास्त्र शिकवले, म्हणून या कामाबद्दल थोडे खुलाशाने सांगतो. तो काळ पेनिसिलीनच्या आधीचा. ऑक्सफर्डमध्ये पहिल्या रुग्णाला पेनिसिलीन टोचले गेले ते फेब्रुवारी १९४१ मध्ये, आणि सैनिकांना ते भरपूर मिळू लागेपर्यंत कोटणीस या जगात नव्हते. सल्फा औषधे निघाली होती, पण नाकेबंदीतून ती पोहोचणे मुश्कील. अशा वेळी सुरी हेच औषध. बंदुकीच्या गोळीची किंवा तोफगोळ्याच्या तुकड्याची जखम वरून लहान दिसते; आत मात्र स्नायू चेचलेला असतो, मातीचे आणि कपड्याचे तुकडे रुतलेले असतात. त्या मेलेल्या मांसात जंतू वाढतात, वायुकोथ होतो आणि तरणाबांड माणूस दोन-तीन दिवसांत जातो. उपाय एकच : लवकर पोहोचायचे, मेलेले मांस रक्त दिसेपर्यंत कापून काढायचे, जखम शिवायची नाही, उघडीच ठेवायची, हाड मोडले असेल तर अवयव पक्का बांधायचा आणि काही दिवसांनी जखम स्वच्छ दिसली की मग बंद करायची. पहिल्या महायुद्धाने शिकवलेला आणि स्पेनमध्ये पुन्हा सिद्ध झालेला हा धडा.

नवशिक्या शल्यविशारदाला यातली सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे न शिवणे. जखम शिवली की काम पुरे झाल्यासारखे वाटते, रुग्णालाही बरे वाटते. उघडी जखम तशीच ठेवून पुढच्या रुग्णाकडे जाण्यासाठी ज्ञान लागते आणि स्वतःवर ताबा लागतो. ही गोष्ट एका माणसाने करून भागत नाही. ती गावोगाव, तुकडीतुकडीतल्या मुलांना यावी लागते. म्हणूनच कोटणीसांच्या कामात मला शस्त्रक्रियांच्या संख्येपेक्षा शिकवणे अधिक महत्त्वाचे वाटते.

मास्तर कोटणीस

बेथून विद्यालयातले विद्यार्थी म्हणजे खेड्यापाड्यांतून आलेली मुले-मुली. काहींचे शालेय शिक्षणही धड झालेले नसे. शवविच्छेदनाची सोय नाही, तक्ते नाहीत, पुस्तके नाहीत. मुंबईत कोटणीस ज्या वातावरणात शिकले त्याच्याशी याची तुलनाच होऊ शकत नाही. आणि सर्वांत मोठी अडचण भाषेची.

दुभाष्याच्या मदतीने वर्ग घेता आला असता. पुष्कळ परदेशी डॉक्टर तसेच करत. कोटणीस चिनी शिकले. ऐकण्या-बोलण्यापुरती नव्हे, तर वर्गात शल्यशास्त्र शिकवता येईल इतकी, आणि पुढे लिहिता येईल इतकी. ज्या भाषेतल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ सुरावर बदलतो आणि प्रत्येक शब्दाचे चिन्ह निराळे, ती भाषा दिवसभर शस्त्रक्रिया करून उरलेल्या वेळात आत्मसात करणे ही काय मेहनत असेल! आपल्याकडे आजही वैद्यकीचे शिक्षण मराठीत देता येईल का, यावर परिसंवाद होतात. कोटणीसांनी १९४० साली, परक्या देशात, परक्या भाषेत तो प्रश्न सोडवला. कारण समोरच्या मुलांना दुसरी भाषा येत नव्हती आणि जखमींना थांबायला वेळ नव्हता.

मग ते पुस्तकांकडे वळले. शल्यशास्त्राच्या सामान्य तत्त्वांवरचे एक पुस्तक त्यांनी चिनीत पुरे केले. त्यानंतर एकेका अवयवाच्या शस्त्रक्रियांवरचे दुसरे पुस्तक लिहायला घेतले. पाठ्यपुस्तक लिहिणे हे अत्यंत निरस काम आहे, हे ज्यांनी लिहिले त्यांना माहीत आहे. त्यात नाव होत नाही, टाळ्या मिळत नाहीत. प्रत्येक वाक्य विद्यार्थ्याच्या पातळीवर उतरून लिहावे लागते. रुग्णालयाचे प्रमुख असलेला, दिवसा शस्त्रक्रिया करणारा, मधूनमधून झटके येणारा माणूस हे काम स्वीकारतो, याचा अर्थ मला असा दिसतो : आपण इथे कायमचे नाही, हे त्याला उमगले होते. माणूस जातो, त्याने शिकवलेली पद्धत राहायला हवी असेल तर ती लिहून ठेवायला हवी.

विद्यार्थी आणि सहकारी त्यांना 'लाओ के' म्हणत. 'लाओ' म्हणजे वडीलधारा, जुना-जाणता; तिशीतल्या डॉक्टरला आपुलकीने दिलेली ही पदवी. चिनी आठवणींमध्ये त्यांचे आणखी एक नाव येते, 'हेइ मामा'. म्हणजे 'काळी आई'. रंगाने सावळे आणि जखमींची आईसारखी काळजी घेणारे, म्हणून हे नाव. चिनी माणसाने ते गमतीने आणि मायेने ठेवले असेल. पण मराठी कानाला त्यात वेगळेच ऐकू येते. आपला शेतकरी काळी आई म्हणतो ती जमिनीला. सोलापूरच्या काळ्या रानातून गेलेल्या माणसाला हे नाव मिळावे, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

क्वो छिंगलान

त्याच विद्यालयात क्वो छिंगलान परिचर्या शिकवत असत. त्यांनी परिचारिकेचे रीतसर शिक्षण घेतले होते आणि युद्ध सुरू झाल्यावर त्या या डोंगराळ मुलखात आल्या होत्या. बेथून यांच्या समाधीच्या समारंभात आपण कोटणीसांना प्रथम पाहिले, अशी आठवण त्या पुढे सांगत. दोघांची ओळख झाली ती कामातून. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांचा विवाह झाला. त्या काळातल्या सोलापुरात हे लग्न कसे घेतले गेले असते कोण जाणे. तिथे मात्र पत्रिका, मुहूर्त, मानपान यांतले काहीच नव्हते. शिकवणारी दोन माणसे एकाच खोलीत राहायला आली, एवढाच तो संसार.

२३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. सीमाप्रदेशाचे सेनापती न्ये रोंगचेन यांनी सुचवलेले नाव त्याला ठेवले : यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. बापाच्या चिनी नावात फक्त 'हुआ' होता. मुलाच्या नावात दोन्ही देश आले.

हे दिवस शांततेचे नव्हते. १९४१-४२ मध्ये जपानी फौजांनी या भागात 'सारे जाळा, सारे मारा, सारे लुटा' या स्वरूपाच्या मोहिमा चालवल्या. धान्य दुर्मीळ झाले होते, स्थलांतरे चालू होती. तरीही बोलणे, हसणे, बाळाचे कौतुक हे सगळे त्या एका वर्षात बसवले गेले. लग्नापासून मृत्यूपर्यंत हा संसार एक वर्ष आणि दोन आठवडे चालला. याच काळात, जुलै १९४२ मध्ये, कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. मराठीतल्या गौरवलेखांत ही गोष्ट सहसा गाळली जाते. ती गाळू नये. तो त्यांचा समजून-उमजून घेतलेला निर्णय होता आणि तो आपल्याला आवडला-नावडला तरी त्यांच्याच आयुष्याचा भाग आहे.

न सांगितलेला आजार

आता पुन्हा अपस्माराकडे. आपल्याकडे याला फेफरे म्हणतात, मिरगी म्हणतात. रुग्णाच्या नाकाला कांदा-चप्पल लावणे, मुलीच्या लग्नात हा आजार लपवणे, हे मी माझ्या व्यवसायात भरपूर पाहिले. रोग मेंदूचा, कलंक मात्र घराण्याला. कोटणीसांना शेवटच्या दोनेक वर्षांत हे झटके येऊ लागले होते. आज आपण चुंबकीय प्रतिमा काढून मेंदूत गाठ आहे, जंताचे कोष आहेत की आणखी काही, हे पाहिले असते. त्या खेड्यात साधी क्ष-किरण तपासणी दुरापास्त होती. आजार आटोक्यात ठेवणारी औषधे जगात होती, पण ती नियमाने मिळण्याची शाश्वती नव्हती. उपचारासाठी बाहेर जाण्याचा सल्ला त्यांना वरिष्ठांनी दिला होता. ते गेले नाहीत.

इथे एक अडचणीचा प्रश्न आहे आणि तो टाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. झटके येणाऱ्या माणसाने सुरी हातात घ्यावी का? आजचा कोणताही रुग्णालयप्रमुख नाही म्हणेल आणि ते बरोबरच आहे. पण आज त्याच्या जागी दुसरा शल्यविशारद उभा करता येतो. त्या मुलखात त्यांच्या तोडीचे किती होते? न शिवलेल्या जखमेचा धडा देणारे मास्तर किती होते? कोटणीसांनी आपला आजार ओळखला होता, ते डॉक्टर होते. आपल्या हाताशी वेळ कमी आहे असे धरून त्यांनी शिकवण्याला आणि लिहिण्याला अधिक वेळ दिला असावा, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे. पण शेवटच्या दिवसांतली त्यांची कामाची वाटणी त्याला धरून आहे.

८ डिसेंबरच्या संध्याकाळी ते त्या दुसऱ्या पाठ्यपुस्तकावर काम करत असताना झटका आला. एकामागून एक झटके येत राहिले. सहकाऱ्यांनी रात्रभर प्रयत्न केले. ९ तारखेला सकाळी सव्वासहाच्या सुमारास सगळे संपले. त्यांना गावाजवळच वीरांच्या समाधिस्थानात मूठमाती दिली गेली. येनानला शोकसभा झाली. सैन्याचा आधार आणि राष्ट्राचा मित्र हरपला, अशा आशयाचे शब्द माओंनी लिहिले.

ज्या अपस्माराच्या रुग्णाला शाळेतून काढले जाते, नोकरी नाकारली जाते, त्याला सांगता आले असते : कोटणीसांना हाच आजार होता. प्लेगच्या कथेने ही ओळख आपण मिटवली. चित्रपटाने काय घालवले असे मला कोणी विचारले तर मी हे पहिले सांगेन.

नंतरचे

चित्रपटाच्या शेवटी डॉक्टरांची पत्नी बाळाला घेऊन भारतात, सासरी येते. मरणशय्येवरचे डॉक्टर तिला आपल्या घराचे वर्णन ऐकवतात आणि ते ऐकताना १९४६ च्या प्रेक्षकांचे डोळे पाणावले असतील. खऱ्या छिंगलान मात्र चीनमध्येच राहिल्या. पुढे त्यांनी पुन्हा लग्न केले, नोकरी केली, मुले वाढवली. त्या भारतात आल्या त्या पाहुण्या म्हणून, एकदा नव्हे, अनेकदा. कोटणीसांच्या भावा-बहिणींशी त्यांनी नाते राखले. पंचविशीत विधवा झालेल्या बाईने सत्तर वर्षे एका घराशी संबंध ठेवणे, तेही १९६२ चे युद्ध आणि त्यानंतरची कटुता मध्ये असताना, ही मला त्या कुटुंबकथेतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. आपल्या आठवणींचे पुस्तकही त्यांनी लिहिले. २०१२ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्या दालियनला वारल्या.

यिनहुआला एवढे आयुष्य लाभले नाही. तो बापाच्या वाटेने वैद्यकी शिकू लागला. १९६७ मध्ये, शिक्षण पुरे होण्याच्या बेतात असताना, तो गेला. उपचारांतल्या हलगर्जीपणामुळे गेला, असे सांगितले जाते. ज्याच्या बापाने हजारभर परक्या पोरांची आतडी, हाडे, जखमा सांभाळल्या, त्या मुलाच्या वाट्याला हे यावे, याला समजूत घालणारे शब्द नाहीत. मी तसा प्रयत्न करत नाही.

कोटणीसांचे अवशेष १९५० च्या दशकात शिच्याच्वांगच्या हुतात्मा-समाधिस्थानात हलवले गेले. तिथेच बेथून यांचीही समाधी आहे. दरवर्षी पितरांची आठवण करण्याच्या छिंगमिंग सणाला लोक तिथे फुले ठेवतात. चिनी नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटतात. २००६ मध्ये हू जिंताव मुंबईत भेटले, २०१३ मध्ये ली खछ्यांग भेटले. दोन्ही देशांनी त्यांची टपाल तिकिटे काढली. सोलापुरातले त्यांचे घर आता स्मारक आहे. सरकारांना मैत्रीची गरज असते तेव्हा कोटणीसांची आठवण मोठ्याने निघते. सीमेवर तणाव वाढला की ती हळू आवाजात काढली जाते. यात नवल नाही. राष्ट्रांच्या आठवणी गरजेवर चालतात.

शाळेची आठवण तशी चालत नाही. शिच्याच्वांगमध्ये कोटणीसांच्या चिनी नावाने चालणारे एक वैद्यकीय विद्यालय आहे. तिथे परिचर्येचे आणि वैद्यकीचे शिक्षण घेणारी मुले-मुली त्यांच्या पुतळ्यासमोर सेवेची शपथ घेतात. हा प्रघात एखाद्या राजदूताने सुरू केला असता तर मी त्याकडे औपचारिकता म्हणून पाहिले असते. पण ही मुले एका मास्तरापुढे उभी असतात. ज्या मुलखात तो मास्तर गेला तिथल्या खेड्यांना तेव्हा जखम कशी धुवावी हेही शिकवावे लागत होते. आज तिथली विद्यालये आपले डॉक्टर आणि परिचारिका आपणच तयार करतात. त्याच्या अर्ध्या राहिलेल्या पुस्तकाची पाने आता कुठल्याच अभ्यासक्रमात नसतील. पाठ्यपुस्तके जुनी होतातच. चांगल्या शिक्षकाला त्याची खंत वाटत नाही, कारण त्याच्या विद्यार्थ्यांनी शिकवलेले विद्यार्थी तोवर नवी पुस्तके लिहू लागलेले असतात.